घरातला रेडिओ आणि जमिनीत जाणारी तार

घरात यंत्रातून गाणे ऐकण्याची चाल आपल्याकडे विजेच्या आधीची आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचे गायन मुद्रित झाले आणि पुढच्या दोन दशकांत पुण्यामुंबईच्या सधन दिवाणखान्यांतून कर्ण्याचा ग्रामोफोन दिसू लागला, तेव्हा त्या यंत्राला लागणारी सगळी शक्ती गृहस्थाच्या मनगटात होती. चावी भरावी, सुई बदलावी, तबकडी पुसावी, एवढीच त्याची सेवा. आणि चावी अतोनात पिळल्यामुळे आतली स्प्रिंग तुटणे हाच काय तो धोका. घरातल्या लहान मुलाने त्याला हात लावला तर नुकसान व्हायचे ते यंत्राचे. मुलाच्या केसालाही धक्का लागण्याचे कारण नव्हते. रेडिओ आला आणि हा हिशेब पालटला.

रेडिओ हे घरात आलेले असे पहिले श्राव्य यंत्र की ज्याला एकाच वेळी आकाशाशी, भूमीशी आणि शक्तीच्या उगमाशी संबंध राखावा लागे. एक तार छपरावरच्या एरिअलकडे जाई, दुसरी खिडकीतून उतरून जमिनीत शिरे, आणि तिसरी बॅटरीकडे किंवा भिंतीवरच्या विजेच्या ठाण्याकडे वळे. या तिन्ही वाटांनी सूर येत आणि त्याच वाटांनी संकटही येई. सबब यंत्राचे रक्षण करण्याची एक संपूर्ण विद्याच आपल्या मध्यमवर्गीय घरांत हळूहळू रूढ झाली. या तीन तारांपैकी जमिनीत जाणाऱ्या तारेचा इतिहास सर्वांत चमत्कारिक आहे. ती कोणी जोडली, कशासाठी जोडली आणि पुढे का सोडली, याचा माग काढला म्हणजे ध्यानात येते की गेल्या शंभर वर्षांत आपण यंत्राच्या जिवाला जितके जपले तितके ते वाजवणाऱ्याच्या जिवाला जपलेले नाही.

मुंबईत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने १९२३ च्या जूनमध्ये प्रक्षेपणाचे पहिले प्रयोग केले; २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले; तीन वर्षांच्या आत ती कंपनी बुडाली, सरकारने तिचा कारभार आपल्याकडे घेतला आणि १९३६ मध्ये त्या खात्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ असे ठरले. श्रोत्याला या सर्व काळात सालीना दहा रुपये किंवा पुढे त्याहून अधिक फी भरून पोस्टातून परवाना घ्यावा लागे. हा परवाना तारायंत्राच्या १८८५ च्या कायद्याखालचा. घरातली वीज मात्र १९१० च्या वीज कायद्याच्या अंमलाखाली येई आणि तिचा तपासनीस निराळ्या कचेरीत बसे. टपालखात्याला यंत्र घरात आहे याची खबर हवी होती, ते कोणत्या तारेला जोडले आहे याची नव्हे; वीजखात्याला मीटरपर्यंतच्या तारांची फिकीर होती, मीटरपलीकडच्या फळीवर काय ठेवले आहे याची नव्हे. दोन दफ्तरांच्या मधल्या या मोकळ्या जागेत रेडिओ वाढला, आणि त्याच्या सुरक्षिततेची तजवीज गृहस्थ, वायरमन आणि रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक या तिघांच्या अकलेवर राहिली.

आरंभीच्या यंत्रांना वीजघराची गरज नव्हती. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली होती, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली होती आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून शहराकडे वीज येऊ लागली होती. परंतु मुंबईबाहेर पाऊल टाकले की दिवा बहुधा घासलेटाचाच असे, आणि म्हणून रेडिओ बॅटरीवर चाले. त्या काळच्या यंत्राला एक सोडून तीन बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी दोन व्होल्टचा, काचेच्या भांड्यातला, आम्लाने भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर. व्हॉल्व्हमधील मुख्य प्रवाहासाठी ९० ते १२० व्होल्टची मोठी सुकी बॅटरी. आणि ग्रिडसाठी सुमारे नऊ व्होल्टची तिसरी. अ‍ॅक्युम्युलेटर उतरला की तो मोटारीच्या गॅरेजमध्ये किंवा चार्जिंगची सोय असलेल्या दुकानात न्यावा लागे, आणि नेणाऱ्याच्या धोतराला आम्लाचे थेंबभर भोक पडल्याशिवाय ती फेरी सहसा पुरी होत नसे.

या बॅटऱ्यांपासून माणसाला मोठे भय नव्हते; यंत्राला मात्र होते. तिन्हींच्या तारा रंगीत असत. पण दिवेलागणीला, कंदिलाच्या उजेडात, मोठ्या बॅटरीची तार चुकून फिलॅमेंटच्या टोकाला लागली की सगळे व्हॉल्व्ह एका निमिषात जळत, आणि तेवढ्या व्हॉल्व्हांची किंमत म्हणजे कारकुनाच्या पगाराला लागलेले खिंडार. यावर त्या काळच्या यंत्रकारांनी काढलेला तोडगा मोठा साधा होता. मोठ्या बॅटरीच्या ऋण टोकाच्या वाटेत ते हातविजेरीतला एक लहानसा दिवा बसवीत. सुरळीत प्रवाह असताना तो जेमतेम तापे. तारांची अदलाबदल झाली तर तो आधी जळून जाई आणि त्याच्या मागचे महागडे व्हॉल्व्ह वाचत. रेडिओतला हा फ्यूज पूर्णपणे यंत्राचा कैवारी होता, आणि ९० व्होल्टच्या मर्यादित बळाच्या बॅटरीपुढे त्यात वावगे काही नव्हते.

एरिअल आणि अर्थ या जोडीची कथा निराळी. त्या यंत्रांची ग्रहणशक्ती बेताची असल्यामुळे छपरावर, दोन बांबूंच्या मध्ये, पन्नास ते शंभर फूट लांबीची तांब्याची तार ताणावी लागे. तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर असत. आणि तिने गोळा केलेल्या क्षीण लहरींना वाट पुरी करून देण्यासाठी दुसरी तार जमिनीत न्यावी लागे. परसात मोरीच्या सांडपाण्याने जेथे माती सदैव ओली राहते अशी जागा हेरून खड्डा खणायचा, त्यात लोखंडी नळी किंवा तांब्याचा पत्रा उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात अधूनमधून वरून पाणी ओतायचे, असा हा विधी. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ मातीची वहनक्षमता वाढवते, आणि माती वाळली की जमिनीचा संबंध तुटल्यासारखाच होतो, हे तत्त्व ओतणाऱ्याला सांगता आले नाही तरी परिणाम त्याच्या कानाला कळे. कारण पाणी ओतल्यावर खरखर कमी होऊन दूरचे केंद्र स्वच्छ लागे. मुंबईच्या चाळीत परस नसे. तेथे ही तार सामाईक नळाच्या लोखंडी नळीला गुंडाळली जाई.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की हा सारा खटाटोप कानासाठी होता. ती तार माणसाला झटक्यापासून वाचवू शकते, ही कल्पना त्या काळच्या श्रोत्याच्या मनात क्वचितच असेल. तिचा संरक्षणाशी संबंध आला तो केवळ आकाशातल्या विजेपुरता. खिडकीच्या चौकटीवर चिनी मातीच्या बैठकीचा, सुरीसारख्या पात्याचा एक स्विच बसवीत. पाते एका बाजूला टाकले की एरिअल यंत्राला जोडले जाई, दुसऱ्या बाजूला टाकले की ते यंत्राला वगळून थेट जमिनीला मिळे. ढग गडगडू लागले की पाते उलटवायचे, हे काम बहुधा घरातल्या थोरल्या मुलाकडे सोपवलेले असे. प्रत्यक्ष वीज छपरावर कोसळली तर या पात्याचा काही उपयोग होणार नव्हता. परंतु तसा प्रसंग विरळा. दूरवर पडलेल्या विजेनेही लांब तारेत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि त्याला जमिनीची वाट मोकळी ठेवली नाही तर तो यंत्राच्या पहिल्या वेटोळ्यातून आपली वाट करून घेतो. हे नित्याचे संकट या पात्याने टळत असे.

विजांचे पंचांग पावसाच्या पंचांगापेक्षा वेगळे असते, हेही रेडिओवाल्या घरांना लवकर उमगले. देशावर काय आणि कोकणात काय, खरा गडगडाट वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात. आषाढ-श्रावणाच्या संततधारेत विजा त्या मानाने थोड्या. त्या महिन्यांत शत्रू दुसरा होता, तो म्हणजे दमटपणा. कोकणातल्या घरात चार महिने बंद राहिलेल्या रेडिओच्या आतल्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटत, कागदी कंडेन्सर ओल धरून गळू लागत आणि स्पीकरच्या कागदाला बुरशी येई. यावर मेकॅनिक एकच उपाय सांगे : काही ऐकायचे नसले तरी दररोज तासभर रेडिओ लावावा. चाळीस-पन्नास वॉटची उष्णता व्हॉल्व्हमधून बाहेर पडे आणि आतला ओलावा आपोआप सुके. या सल्ल्याला घरातील गृहिणीचे प्रेम आडवे येई ते असे, की धूळ बसू नये म्हणून तिने विणलेले वेलबुट्टीचे आच्छादन ती वाजत्या रेडिओवरूनही काढीत नसे, आणि ज्या उष्णतेने यंत्र वाचायचे तीच मागच्या जाळीतून निघायला वाट न मिळाल्यामुळे आतले मेण वितळवी.

वीजघराची वीज रेडिओला मिळू लागली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला, कारण वीज सर्वत्र एका जातीची नव्हती. कोलकात्यात १८९९ मध्ये सुरू झालेला पुरवठा एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डीसी होता, आणि तेथील जुन्या भागांत तो पुढे कित्येक दशके टिकला. अन्यत्र बहुतेक ठिकाणी पन्नास आवर्तनांचा एसी प्रवाह रूढ होत गेला. ज्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर असे तो केवळ एसीवर चाले. त्याच्या मागच्या पट्टीवर ११०, १३०, २००, २२०, २४० असे आकडे कोरलेले असत आणि गावच्या दाबाप्रमाणे खूण फिरवून द्यावी लागे. असा रेडिओ डीसीच्या ठाण्यात लावला की ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे काही मिनिटांत तापून जळे. बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबांना हे परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी आणि स्वस्ताईच्या गिऱ्हाइकांसाठी ‘एसी-डीसी सेट’ निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नव्हताच; सगळ्या व्हॉल्व्हची फिलॅमेंटे एकसर जोडणीने ओवून उरलेला दाब एका रोधकात जिरवलेला असे. यंत्र हलके झाले, स्वस्त झाले, कोणत्याही गावी चालू लागले. आणि घरातले सर्वांत धोक्याचे यंत्रही झाले.

ट्रान्सफॉर्मर हा केवळ दाब बदलणारा नव्हता. तो घराची वीज आणि यंत्राचे धातूचे अंग यांच्यात उभा असलेला पहारेकरी होता. तो काढून टाकल्यामुळे एसी-डीसी सेटची चॅसी, म्हणजे ज्या पत्र्यावर सारे यंत्र उभे असे तो पत्रा, विजेच्या दोन तारांपैकी एकीला थेट जोडलेला राहिला. प्लग दोन पिनांचा आणि कसाही बसणारा. तो एका बाजूने बसला तर पत्रा न्यूट्रलवर, उलट बसला तर जिवंत तारेवर, आणि दोन्ही वेळा रेडिओ तितकाच सुरेल वाजे. डीसी पुरवठ्यावर प्लग उलटा लागला तर रेडिओ मुळी बोलतच नसे, म्हणून तो फिरवून लावण्याची सवय पडली. एसीवर तो फिरवला की कधीकधी गुणगुण कमी होई, म्हणून तेथेही ती सवय टिकली. प्लगची बाजू अशी सर्वत्र कानाने ठरे.

यंत्रकारांना हा धोका ठाऊक होता आणि त्यांनी त्याचा बंदोबस्तही केला होता. एरिअलच्या आणि अर्थच्या दोन्ही भोकांमागे कंडेन्सर बसवून ती घराच्या विजेपासून वेगळी ठेवलेली असत. मागची पुठ्ठ्याची झडप उघडण्यापूर्वी प्लग काढा, अशी ताकीद छापलेली असे. बेकलाइटच्या गुंड्या ज्या लोखंडी दांड्यांवर बसत त्या दांड्या चॅसीलाच जोडलेल्या, म्हणून गुंडीतला स्क्रू खोल बसवून त्यावर मेण भरीत, हेतू हा की बोट त्याला लागू नये. आता अशा रेडिओच्या दहा-पंधरा वर्षांनंतरच्या अवस्थेकडे पाहावे. मेण उन्हाळ्यात वितळून गेलेले. आवाजाची गुंडी फुटून हरवलेली आणि दांडी चिमट्याने फिरवण्याचा शिरस्ता पडलेला. मागची झडप मेकॅनिकने चौथ्या खेपेला बसवलीच नाही. अर्थच्या भोकामागचा कंडेन्सर निकामी झाला म्हणून कोणा अर्धशिक्षित कारागिराने तेथे सरळ तार जोडली. अशा वेळी अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने बातम्या लावण्यासाठी हात पुढे केला की पुढे काय घडे ते सांगावयास नको; आणि जमिनीची तार सामाईक नळाला बांधलेली असेल तर झिणझिण्या शेजारच्या बिऱ्हाडात पाणी भरणाऱ्या बाईलाही येत. रेडिओ उंच फळीवर ठेवण्याची जी पद्धत घरोघरी होती, ती मुलांच्या हातून यंत्र फुटू नये म्हणून होती. तिने मुलेही वाचली, हा त्या पद्धतीचा न मागता मिळालेला लाभ.

मग घराच्या तारांनी माणसाला संरक्षण का दिले नाही? याचे उत्तर वीजबिलाच्या रचनेत सापडते. आपल्याकडे दीर्घकाळ ‘लाइट’ आणि ‘पॉवर’ अशी दोन मीटरे आणि दोन दर असत. इस्त्री, शेगडी, पाणी तापवण्याचा बंब यांच्यासाठी पंधरा अँपिअरची, तीन पिनांची, अर्थ असलेली जोडणी. दिवा आणि पंखा यांच्यासाठी पाच अँपिअरची, केवळ दोन तारांची. लाकडी पट्टीवरून क्लिपांनी ठोकत नेलेल्या त्या बॅटन वायरिंगमध्ये जमिनीची तिसरी तार घालण्याचा खर्च सहसा कोणी करीत नसे. रेडिओ वीज थोडी खातो म्हणून त्याची गणना दिव्यात झाली, आणि दिव्यांच्या पंक्तीला बसल्यामुळे तो जमिनीला मुकला. कित्येक घरांत तर त्याला स्वतंत्र ठाणेही नव्हते. छतावरून लोंबणाऱ्या दिव्याच्या होल्डरमध्ये जोड बसवून तेथूनच त्याला वीज दिली जाई.

राहता राहिला फ्यूज. चिनी मातीच्या कट-आउटमध्ये दोन स्क्रूंच्या दरम्यान ताणलेली ती बारीक तार घराच्या रक्षणाची हमी मानली जाई. ती वारंवार उडू लागली की तिच्या जागी जाड तार, प्रसंगी केसातला आकडासुद्धा बसवणारे गृहस्थ कमी नव्हते. परंतु योग्य जाडीची तारही माणसासाठी नव्हतीच. पाच अँपिअरचा फ्यूज वितळायला त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो. माणसाच्या छातीतून अँपिअरचा काही शतांश भाग क्षणभर गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो. फ्यूज शाबूत असताना माणूस मरू शकतो, ही गोष्ट आजही पुष्कळांना चमत्कारिक वाटते. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत पुरवठादाराने ग्राहकाच्या आवारात जमिनीशी जोडलेले टोक उपलब्ध करून द्यावे अशी तरतूद होती, आणि घोषित दाब पाच-सहा टक्क्यांपलीकडे ढळू नये असाही दंडक होता. पहिली तरतूद मीटरच्या फळीपर्यंत पोहोचली. रेडिओच्या फळीपर्यंत तिला नेणे हे घरमालकाच्या खर्चाचे काम होते. दुसऱ्या दंडकाची कथा खेड्यांत घडली.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात रेडिओची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती आणि वीज पोहोचलेली खेडी दीड हजाराच्या घरात. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली, त्या काळी वीज नसलेल्या गावी रेडिओ ऐकायचा तर बॅटरीवाचून गत्यंतर नव्हते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज आली, खांब शिवारातून उभे राहिले. पण ते खांब मुख्यतः विहिरीवरच्या पंपांसाठी होते. लांबच लांब ओढलेल्या तारेच्या टोकाशी असलेल्या घरात, पंप सुरू असताना, दाब इतका घसरे की दिव्याची तार तांबडी दिसे आणि रेडिओचा आवाज खोल जाई. मध्यरात्री पंप बंद झाले की तोच दाब नियमाची मर्यादा ओलांडून वर चढे, आणि सकाळी भूपाळीसाठी लावलेला रेडिओ मुका निघे.

यांपेक्षा भयंकर होते न्यूट्रल तुटणे. खांबावरून तीन जिवंत तारा आणि चौथी न्यूट्रल अशा चार तारा येतात. कोणतीही जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टचा दाब असतो, तर दोन जिवंत तारांत ४०० चा. वादळात न्यूट्रल तुटली म्हणजे वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे नकळत एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी विपरीत असते : ज्या घरात शेगडी किंवा बंब चालू आहे त्याच्या वाट्याला थोडा दाब येतो, आणि ज्या घरात एक दिवा आणि एक रेडिओ एवढेच आहे त्याच्यावर तीनशेहून अधिक व्होल्टचा मारा होतो. दिवा लख्ख पांढरा होतो, क्षणभर घरातल्यांना ‘आज लाइट चांगला आहे’ असे वाटते, आणि तेवढ्यात रेडिओच्या मागून जळक्या लाखेचा वास येऊ लागतो. ज्याची गरज सर्वांत थोडी, त्याचेच नुकसान सर्वांत मोठे, असा हा न्याय आहे.

या अनुभवांतून स्टॅबिलायझर घरात आला. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यानंतर त्याला प्रतिष्ठा लाभली. लोखंडी पेटी, पुढे काटा असलेले मीटर, आणि दाब ढळला की आत टक् असा आवाज करून जोडणी बदलणारा रिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत त्याचे सुटे भाग घेऊन गल्लोगल्लीचे कारागीर तो बनवून देत. ही पेटी यंत्रासाठी उत्तम होती. परंतु तिच्यातला ट्रान्सफॉर्मर एकाच वेटोळ्याचा असल्यामुळे घराची वीज आणि यंत्र यांच्यात ती कोणतीही फारकत करीत नसे. आणि तिच्या मागच्या बाजूला असलेली तीन पिनांची भोके पुष्कळदा शोभेची असत, कारण ज्या भिंतीतून ती वीज घेई त्या भिंतीतच तिसरी तार नव्हती.

दरम्यान ट्रान्झिस्टरने काही काळ सर्वच भांडण मिटवले होते. सहा किंवा नऊ व्होल्टवर चालणाऱ्या त्या लहानशा पेटीला एरिअल नको, जमीन नको, भिंतीतले ठाणे नको. तिच्या पोटात फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले वेटोळेच लहरी गोळा करी. शेताच्या बांधावर, ओल्या अंगाने, मुलाच्या हातात देण्याइतके निर्धोक असे हे ग्रामोफोननंतरचे पहिले यंत्र. त्याला एकच पथ्य होते, ते म्हणजे उतरलेले सेल आत विसरू नयेत, कारण ते फुटून आतल्या पट्ट्या खातात. घरोघरी ट्रान्झिस्टर पोहोचला, यथाकाल परवान्याची पद्धतही गेली. आणि परसातला कोळशा-मिठाचा खड्डा बुजला. चाळीतली लोखंडी नळी जाऊन प्लॅस्टिकची आली तेव्हा तिला बांधलेली जुनी तार कोठेच पोहोचत नाही, हे पाहण्याचे कारणही कोणाला उरले नाही.

ती तार घरात परत आली ती मोठ्या ध्वनियंत्रांच्या मागे. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या रत्नागिरीच्या आणि गोव्याच्या माणसांनी सुटीवर येताना टेपरेकॉर्डर आणि डेक आणले. त्यांच्या मागे दाब निवडण्याची खाच असे आणि ती ११० वर राहिली असता इकडच्या विजेने पहिल्याच दिवशी त्यांचा निकाल लागे. पुढे शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर आले, तीन पिनांचे प्लग आले, नव्या इमारतींत तिसरी तारही आली. मग एक नवीनच तक्रार सुरू झाली. अ‍ॅम्प्लिफायर एका ठाण्यातून जमिनीला जोडलेला, त्याला लावलेली दूरदर्शनची केबल दुसरीकडे जमिनीला मिळालेली. या दोन वाटांच्या फेऱ्यात पन्नास आवर्तनांचा सूक्ष्म प्रवाह फिरतो आणि स्पीकरमधून अखंड घुमघुम ऐकू येते. कोणीतरी प्लगची जाड पिन काढून टाकतो किंवा दोन पिनांचा जोड मध्ये घालतो, आणि घुमघुम तत्काळ थांबते. १९३० मध्ये ज्या कानाने जमिनीची तार मागून घेतली, त्याच कानाने आता ती तोडून टाकली. कानाचा निर्णय दोन्ही वेळा बरोबर होता. प्रश्न कानाचा नव्हता. तार तोडल्यावर त्या यंत्राच्या धातूच्या अंगाला हात लावला असता ज्या मुंग्या येतात, त्या गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या कंडेन्सरांतून झिरपणाऱ्या प्रवाहाच्या असतात. त्याला जमिनीकडे जाण्याची दिलेली वाट आपणच बंद केलेली असते. घुमघुम घालवायची तर सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, अथवा आवाजाच्या तारेत वेगळेपणा राखणारा लहान ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्लगला हात लावण्याचे कारण नाही.

आज घरातील मुख्य फळीवर फ्यूजच्या शेजारी जमिनीकडे गळणाऱ्या प्रवाहावर नजर ठेवणारे एक उपकरण बसवता येते. जिवंत तारेने जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलने परतला की नाही याची ते सतत रुजवात घालते, आणि तीस मिलिअँपिअरची तफावत दिसताच निमिषार्धात सारी वीज तोडते. पाच अँपिअरच्या फ्यूजपेक्षा ते दीडशेपटींहून अधिक सावध आहे. घरातल्या विजेच्या इतिहासात माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आलेला हा पहिला रक्षक म्हणावा लागेल. परंतु त्याचेही यश त्या जुन्याच तारेवर अवलंबून आहे. यंत्राला जमीन असेल, तर आतला दोष उत्पन्न होताच प्रवाह तिकडे वळतो आणि कोणी जवळ नसतानाच वीज तुटते. जमीन नसेल, तर हे उपकरण स्वस्थ बसून राहते. तफावत निर्माण होते ती घरातल्या कोणाचा तरी हात यंत्राला लागल्यावर, आणि दोष उघडकीस आणण्याचे काम त्या हाताला करावे लागते.